माझ्या लेकीने पाहिलेले आयर्लंड

(मंडळाच्या वर्धापनदिनी, हळदीकुंकवाच्या समारंभात केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला मी या सभागृहात असते, पण मागच्या बाजूला, चुलीपाशी. मसालेभाताचे पातेले आणि मी, अशी आमची बारा-तेरा वर्षांची जोडी आहे. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, "पातेले दुसरीच्या हाती द्या आणि तुम्ही चार शब्द बोला. तुमची लेक आयर्लंडात वर्षभर शिकून आली, तिथली हकीकत आम्हांला सांगा." मी म्हटले, "मग तिलाच बोलवा की!" तर म्हणाल्या, "ती सांगेल ते पुस्तकातही सापडेल. तिच्या आईला त्यातून काय कळले ते ऐकायचे आहे." यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून उभी राहिले आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर पेणच्या खारेपाटातले. गावची शाळा सातवीला संपे. पुढची शाळा लांब, पावसाळ्यात चिखल तुडवत बांधावरून जायचे. तेव्हा दप्तर एकदा खुंटीला लागले ते लागलेच. विसाव्या वर्षी रोह्याला सून होऊन आले आणि कुंडलिकेच्या पाण्यावर रुळले. तेव्हा बोलताना काही उणे-अधिक झाले तर पदरात घ्या.

आमची मुलगी २०२३ च्या सप्टेंबरात गेली. पदवी झाल्यावर एका वर्षाच्या वरच्या अभ्यासक्रमासाठी तिला गॉलवे गावच्या विद्यापीठात जागा मिळाली. बँकेचे कर्ज काढले, माझ्या पाटल्या गहाण पडल्या, दीरांनी हात दिला. शेजारणी विचारायच्या, "आयर्लंड म्हणजे लंडनच्या जवळ ना?" मलाही तेवढेच ठाऊक होते. मग मुलीने नकाशा दाखवला. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्र ओलांडून एक बेट आहे. त्याचा बहुतेक भाग म्हणजे आयर्लंडचे स्वतंत्र राज्य. उत्तरेचा एक तुकडा अजून ब्रिटनकडे आहे. राजधानी डब्लिन पूर्व किनाऱ्यावर, तर गॉलवे पश्चिम किनाऱ्यावर. त्यापुढे अटलांटिक महासागर आणि पलीकडे थेट अमेरिका.

एवढ्या लांब पोर पाठवायची म्हणून माझा जीव थोडा झाला होता. त्यावर आमच्या यजमानांनी धीर दिला तो असा: "अग, तिथला पंतप्रधानच आपल्या कोकणातला आहे!" आणि ते खरेच होते. लिओ वराडकर हे तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यांचे वडील डॉक्टर, मूळचे मालवण तालुक्यातील वराड गावचे. आई आयरिश, परिचारिका. २०१७ मध्ये ते प्रथम पंतप्रधान झाले, २०१९ च्या डिसेंबरात वराडला येऊन गेले, आणि २०२४ च्या एप्रिलात पायउतार झाले. रोहेकरांना तर परदेशी शिक्षणाचे अप्रूप वाटायलाच नको. आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९१५ साली केंब्रिजला शिकायला गेले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. तेव्हा बोटीने जायला काही आठवडे लागत. आमची पोर विमानाने गेली, वाटेत एकदा विमान बदलले, आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "आई, पोहोचले. पाऊस पडतो आहे."

आपल्या महिला मंडळींचेही त्या देशाशी नाते आहे, हे मला मागाहून कळले. भगिनी निवेदितांचा जन्म १८६७ साली आयर्लंडात झाला. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ साली पुण्यात भरले. ती परिषद उभी करण्यात पुढाकार मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंचा होता. आज आपण बायका सभा भरवून बोलतो आहोत, त्यात त्या बाईंच्याही हाताचे दोन टाके आहेत.

आता पोरीने काय पाहिले ते सांगते. तिथले घड्याळ आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेपाच तासांनी. मी रात्रीची भांडी घासून बसे तेव्हा तिची दुपार असे. दर रविवारी ती फोनवर चित्र दाखवत बोले, त्यामुळे मी आयर्लंड पाहिले ते ओट्याशी बसूनच.

प्रथम दिसला तो हिरवा रंग. आपला हिरवा रंग श्रावणात येतो आणि मार्गशीर्षापर्यंत पिवळा पडतो; तिथला बारा महिने टिकतो, कारण पाऊस बारा महिने आहे. आपला पाऊस चार महिने कोसळून मोकळा होतो. तिथला झिमझिमत राहतो. डिसेंबरात साडेआठनंतर उजाडते आणि साडेचारच्या आत सूर्य मावळतो. पोर म्हणे, "आई, इथे दिवस म्हणजे दोन रात्रींमधली फट आहे." पहिले दोन महिने तिने फार उदास काढले. पेणचे पोहे आणि मी लाटलेले पापड बरोबर दिले होते, ते तिने जपून जपून पुरवले.

डब्लिनहून गॉलवेला बसने जाताना, आणि त्याहून पुढे कॉनेमारा नावाच्या मुलखात, शेतांना कुंपण आहे ते दगडांचे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचलेले. शेतातले दगड वेचून काढायचे आणि त्यांचाच गडगा घालायचा. गॉलवेच्या खाडीच्या तोंडाशी अरन नावाची तीन बेटे आहेत. होडीने सुमारे पाऊण तास लागतो. तिथे जमीन अशी नव्हतीच, उघडा खडक होता. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरून वाळू आणि शेवाळ पाठीवर वाहून आणले, खडकावर पसरले आणि त्याची माती केली. त्या मातीत बटाटे लावले. हे ऐकून मला माझे माहेर आठवले. आमची खारेपाटातली जमीन अशीच हाताने केलेली आहे. समुद्राचे पाणी बाहेर ठेवायला बांध घातले, उघाड्या बसवल्या, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढले, तेव्हा कुठे भात उभा राहिला. उधाणाला बांधाला खांड गेली की आख्खे गाव टोपल्या घेऊन धावे. माझे वडील म्हणत, "ही जमीन देवाने दिलेली नाही, आपल्या आज्यांनी डोक्यावरून आणलेली आहे." अरनच्या बायकाही तेच म्हणतील.

सरपण म्हणून त्या मुलखात मातीच जाळतात! दलदलीच्या जागी हजारो वर्षांचे गवत-शेवाळ कुजून काळी माती झालेली असते. ती विटांसारखी कापून वाऱ्यावर वाळवतात आणि घरात जाळतात. आपण गोवऱ्या थापून वाळवतो तसेच. आता ते कमी होत चालले आहे, पण पोर म्हणे त्या धुराचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

क्लेअर नावाच्या परगण्यात समुद्राकाठी मोहेरचे कडे आहेत. सातशे फूट उंच सरळ तुटलेला कडा, खाली लाटा, वर वारा इतका की माणूस वाकून चालते. तिथून तिने फोन लावला तर मला तिचे बोलणे ऐकूच येईना, नुसता वारा ऐकू आला. मी म्हटले, "काठावरून मागे सर!" एवढेच आमचे त्या दिवशीचे संभाषण.

भगिनींनो, या सुंदर मुलखात एक गोष्ट पोरीच्या मनाला लागून राहिली. डोंगराच्या उतारावर, जिथे आज एक घर नाही, तिथे गवताखाली ओळीने वरंबे दिसतात. ते बटाट्याचे जुने वाफे आहेत. जवळच छप्पर उडालेली दगडी घरे. ती माणसे गेली कुठे, असे तिने घरमालकीणबाईंना विचारले. त्या बाई सत्तरी उलटलेल्या, कॉनेमाऱ्याच्याच एका खेड्यातल्या. त्यांनी सांगितले ते असे.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सारे पोट बटाट्यावर. धान्य पिके ते जमीनदाराचा खंड भरायला जाई. सलग काही वर्षे पीक काळे पडून कुजले. तशातही देशातून धान्य आणि गुरे बोटींत भरून बाहेर जातच होती. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीने मेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. तेव्हा आपल्या हिंदुस्थानातून, कलकत्त्याहून, वर्गणी गोळा करून मदत पाठवली होती. दुष्काळापूर्वी त्या बेटावर ऐंशी लाखांहून अधिक लोक होते. आज इतक्या वर्षांनीही सत्तर लाखांच्या आसपासच आहेत. गेलेले गाव पुन्हा भरले नाही.

पुढे १८८० साली गॉलवेच्या शेजारच्या मेयो परगण्यात कुळांनी एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी असहकार पुकारला. त्याचे पीक कोणी कापेना, त्याला दुकानात सामान मिळेना, त्याची टपाल कोणी नेईना. त्याचे नाव कॅप्टन बॉयकॉट. आपण बहिष्काराला बॉयकॉट म्हणतो तो शब्द या माणसाच्या नावावरून आला! हे ऐकले आणि मी पोरीला म्हटले, "मग आपल्या चरीचा संप सांग त्यांना." अलिबाग तालुक्यातील चरीला आपल्या आगरी कुळांनी खोतांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन पडीक ठेवली होती. माझ्या आजोळी त्या दिवसांच्या गोष्टी सांगत: करवंदे, लाकडे विकून दिवस काढले पण नांगर धरला नाही. घरमालकीणबाईंना हे सांगितल्यावर त्या उठून गेल्या आणि सोड्याच्या पावाचा मोठा तुकडा लोणी लावून पोरीपुढे ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही आमच्यातल्याच आहात." तो पाव गव्हाचे पीठ, ताक आणि सोडा घालून करतात, आंबवायला लागत नाही. कृती कोणाला हवी असेल तर कार्यक्रमानंतर मी देईन.

आता जे सांगण्यासाठी खरोखर उभी राहिले, तिकडे येते.

त्या देशात रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाची नावे दोनदा लिहिलेली असतात. वर आयरिश भाषेत, खाली इंग्रजीत. गॉलवेचे खरे नाव गॅलिव. पोरीला प्रथम वाटले, इथे सगळे आयरिश बोलत असतील. पण बाजारात, बसमध्ये, वर्गात जिकडे तिकडे इंग्रजी. आयरिश ही त्या देशाच्या राज्यघटनेप्रमाणे पहिली राजभाषा आहे, शाळेत ती सर्वांना शिकवतात. २०२२ च्या जनगणनेत सुमारे एकोणीस लाख लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले. पण शाळेबाहेर रोजच्या रोज ती बोलणारे किती? बहात्तर हजारांच्या आसपास. आपल्या एखाद्या तालुक्यात मावतील एवढे.

"असे कसे झाले?" पोरीने विचारले. घरमालकीणबाईंनी सांगितले, एक तर दुष्काळात मेले आणि परदेशी गेले ते बहुतेक आयरिश बोलणारे गरीबच होते. आणि दुसरे म्हणजे काठी. एकोणिसाव्या शतकात शाळेत जाणाऱ्या पोराच्या गळ्यात दोरीने एक लहान काठी अडकवत. पोर आयरिश बोलले की काठीवर एक खाच पाडायची. दिवस संपला की गुरुजी खाचा मोजून तितक्या छड्या मारत. पण गुरुजी तर शाळेपुरतेच. घरी खाच कोण पाडी? आईबाप. ज्यांना स्वतःला इंग्रजीचा गंध नव्हता तेच आईबाप आपल्या पोराच्या काठीवर खाच पाडत, आणि तेही मायेपोटी. पोर मोठे होऊन अमेरिकेला जाणार, तिथे इंग्रजीवाचून भाकरी मिळणार नाही, हे त्यांना दिसत होते. बाईंच्या पणजीच्या गळ्यात अशी काठी होती, असे त्यांच्या घरात सांगत.

हे सगळे पोरीने मला फोनवर सांगितले आणि मग जरा थांबून म्हणाली, "आई, आपल्या दारामागच्या रेघा तुला आठवतात?"

मैत्रिणींनो, मला आठवत होत्या. तुम्हांला सांगते, कारण आज सांगितले नाही तर पुन्हा सांगणार नाही.

आमची मुलगी लहानपणी माझ्या माहेरी फार राही, म्हणून आगरी बोली तिच्या तोंडात बसली होती. "मला पाणी" न म्हणता "मना पानी" म्हणायची. तिला इंग्रजी शाळेत घातले. तिथे मराठी बोलले तरी दंड होता, मग आगरीची काय कथा! पालकांच्या सभेत एकदा माझ्या देखत कोणीतरी हसले. मला सातवीच्या शिक्षणाची लाज आधीच होती, त्यात ही भर. घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला खडूने रेघा मारायला सुरुवात केली. गावाकडचा एक शब्द तोंडातून आला की एक रेघ. आठवड्याला दहा रेघा झाल्या की रविवारचा खाऊ बंद. कोणी मला हे शिकवले नव्हते, आयर्लंडचे तर नावही ऐकले नव्हते. माझ्या मनानेच केले, आणि मायेपोटीच केले.

मे महिन्यात माझी आई रोह्याला आली. माझी आई धवलारीण. पूर्वी आमच्यात लग्न लावायचे ते धवलारीणच धवले गाऊन लावी. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे वेगळे, आणि सगळी तोंडपाठ. अक्षर एक येत नाही, पण पंचक्रोशीत तिच्यावाचून लग्न होत नसे. ती दारात येऊन टेकली, सुकटीचे गाठोडे खाली ठेवले आणि नातीला म्हणाली, "गो बाय, मना जरा पानी दे." तर आमची आठ वर्षांची पोर पाणी आणायच्या आधी धावत गेली, खडू घेतला, दारामागे रेघ मारली आणि म्हणाली, "आजी, तुझी एक रेघ झाली!"

आई आधी हसली. मग मी तिला रेघांचा अर्थ सांगितला. त्या खेपेस ती आठ दिवस राहिली, पण फार बोलली नाही. मी काही म्हटले नाही. उलट मनात वाटले की बरे झाले, पोर सुधारली. पुढे घराला रंग दिला, रेघा गेल्या. आणि आजी-नातीचे बोलणेही हळूहळू "बरी आहेस ना, जेवलीस ना" एवढ्यावर आले.

त्या रात्री फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. मी आयर्लंडच्या इतिहासातली बाई नव्हे, पण खडू माझ्याच हातात होता.

पुढच्या रविवारी पोरीने दुसरी गोष्ट सांगितली, ती माझ्यासाठी औषध ठरली. आपली भाषा चालली हे ओळखून त्या लोकांनी १८९३ साली ती टिकवायला एक संस्था काढली. पुढे राज्य स्वतंत्र झाल्यावर, १९३७ ते १९३९ या काळात, सरकारने शाळांतील मोठ्या वर्गांच्या मुलांना एक काम दिले. निबंध नको, पाढे नकोत; घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि ते सांगतील ते वहीत उतरवून आणा. गोष्टी, म्हणी, औषधे, सणवार, विहिरींची आणि शेतांची नावे, दुष्काळाच्या आठवणी. सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजार मुलांनी हे लिहिले. ते कागद आजही जपून ठेवले आहेत, आणि आता कोणालाही घरबसल्या वाचता येतात. पोर म्हणाली, "आई, दहा-बारा वर्षांच्या पोरांनी केले हे!" ज्या पोरांच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात काठी होती, त्याच पोरांच्या हातात वही आली.

तिकडे पेग सेयर्स नावाची एक बाई होऊन गेली. ब्लास्केट नावाच्या एका उजाड बेटावर तिचे आयुष्य गेले. तिला आपल्या भाषेत लिहिता येत नव्हते. तिने आपली कहाणी मुलाला सांगितली, मुलाने लिहून घेतली, आणि १९३६ साली तिचे पुस्तक निघाले. पुढे अनेक वर्षे ते शाळांतून शिकवले गेले. १९५३ साली ते बेटच सोडून द्यावे लागले. राहिलेली मोजकी माणसे मुख्य भूमीवर आणली. बेट रिकामे झाले, पण पेगचे बोल राहिले. हे ऐकताना मला आपली बहिणाबाई आठवली. तिलाही लिहिता येत नव्हते. तिचेही बोल मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर जपले, म्हणून १९५२ साली, ती गेल्यावर का होईना, ते सगळ्या महाराष्ट्राला मिळाले. मुलाने लिहिले नसते तर? किती बहिणाबाई अशा न लिहिता गेल्या असतील, याचा हिशेब कोणाकडे आहे?

मी दोनशे पानी वही आणली आणि पेणची एस. टी. धरली. आईला म्हटले, "धवले सांग, मी लिहिते." ती म्हणाली, "आता कशाला? लग्नात डीजे लावतात." तिचे वय चौऱ्याहत्तर, आणि आता विसर पडू लागला आहे. काल काय जेवली ते आठवत नाही. गाणे मधेच तुटते, दुसऱ्या गाण्यात शिरते. मी महिन्यातून दोनदा जाते. आजवर पुरते असे अकरा धवले लिहून झाले, सहा अर्धेच आहेत. तिला पूर्वी किती येत होते असे विचारले तर म्हणते, "रात सरायची, गानी सरायची नाय." म्हणजे मी पंधरा वर्षे उशीर केला.

माझी पोर २०२४ च्या दिवाळीत घरी आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, आजीकडे जाऊ. आजीच्या शेजारी घोंगडीवर बसली आणि धीर करून म्हणाली, "आजे, मना सिकव." सोळा वर्षांनी तिच्या तोंडून "मना" ऐकले. उच्चार थोडा अडखळलाच. आईने तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. आम्हांला वाटले, ओळख पटत नाही की काय. मग ती म्हणाली, "रेघ नाय ना मारनार?"

कालचे जेवण न आठवणाऱ्या माझ्या आईला ती रेघ आठवत होती.

असो. भगिनींनो, माझ्या बोलण्याचा कोणी भलता अर्थ घेऊ नये. इंग्रजी शिकवू नका असे मी सांगत नाही. इंग्रजी आली म्हणून तर पोर गॉलवेपर्यंत पोहोचली; तिचे कर्ज आता तिच्याच पगारातून फिटते आहे आणि माझी एक पाटली सुटून घरी आली आहे. प्रमाण मराठीही हवी. हे भाषण मी त्याच मराठीत करते आहे. घरात दुसरा माणूस आला म्हणून म्हाताऱ्या आईला ओटीवरून उठवायचे नसते, एवढेच माझे म्हणणे. आयर्लंडकडे आज स्वतःचे राज्य आहे, पैसा आहे, पाट्या आहेत, शाळा आहेत, आणि तरीही घरातून गेलेली भाषा पुन्हा घरात आणताना त्यांची दमछाक होते आहे. घरातली गोष्ट घरातून गेली की सरकारलाही ती परत आणून देता येत नाही.

म्हणून मंडळापुढे एक मागणी ठेवते. दरवर्षी आपण पाककृतींची आणि रांगोळीची स्पर्धा घेतो. यंदा एक काम बिनस्पर्धेचे, बिनबक्षिसाचे करू या. प्रत्येकीने एक वही घ्यावी. घरात किंवा शेजारी जी वडीलधारी बाई असेल, आगरी असो, कोळी असो, कातकरी असो, कोणत्याही आळीतली असो, तिच्यापाशी बसावे. जात्यावरच्या ओव्या, धवले, पाळणे, म्हणी, घरगुती औषधे, खाचरांची आणि बांधांची नावे, जे सांगेल ते लिहावे. तिच्या तोंडून येईल तसेच लिहावे, शुद्ध करत बसू नये. खाली तिचे गाव लिहावे आणि तिला ते कोणी शिकवले तेही लिहावे. लिहिता येत नसेल तर नातवंडाला बसवावे. आयर्लंडात पन्नास हजार नातवंडांनी हेच केले. पुढच्या वर्धापनदिनी सगळ्या वह्या या टेबलावर आणू आणि प्रत्येक वहीतले एक पान मोठ्याने वाचू.

माझी वही मी आज आणली आहे. अक्षर सातवीचे आहे, पण लागते. ज्यांच्याकडे माझ्या सहा अर्ध्या धवल्यांचे उरलेले अर्धे असतील त्यांनी मला जरूर सांगावे. आई आहे तोवर तिला पुरे करून ऐकवायचे आहेत.

आयर्लंडात पाहुण्याचे स्वागत करताना आयरिश भाषेत जे म्हणतात, त्याचा अर्थ, पोर सांगते, "एक लाख वेळा या" असा होतो. आपण "या, बसा, पाणी घ्या" म्हणतो, भाव तोच.  आता मला मसालेभाताकडे जाऊ द्या. मघापासून तो लागल्याचा वास येतो आहे.